डोंगरापलीकडच्या पोरींची बोली



युनियनच्या कामात उभा जन्म घालवलेल्या माणसाने वसंतातल्या या व्यासपीठावर येऊन अमेरिकेतल्या शाळकरी पोरींच्या बोलीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कार्यक्रमपत्रिका आमच्या कचेरीत पोचली तेव्हा एका कार्यकर्त्याने मला विचारलेच, “दादा, बोनस सोडून हे काय काढलंत?” माझे उत्तर साधे आहे. ज्याला कामगारांत काम करावयाचे आहे, त्याला शब्दांचा व्यवहार कळावा लागतो. कारखान्याच्या फाटकावर सभा घेण्यात माझी पुष्कळ वर्षे गेली. दर वर्षी शिकाऊ उमेदवारांची नवी तुकडी आत येते आणि येताना आपले शब्द घेऊन येते. आपण ते शब्द ऐकून, समजून पत्रकात छापावेत, तोवर पोरांनी ते टाकून दिलेले असतात. आणि पत्रक वाचून ती गालात हसतात. म्हणून नव्या कार्यकर्त्यांना मी सांगत असतो की, पत्रक आपल्या भाषेत लिहा, त्यांच्या भाषेत लिहू नका.

हे असे का होते? एखादा शब्द दोन वर्षांत का मरतो आणि त्याच्याच शेजारचा शंभर वर्षे का जगतो? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना मी जुन्या अमेरिकन चित्रपटांपाशी येऊन थांबलो. त्यालाही कारण आहे. माझे शाळेतले शिक्षण अर्ध्यावर राहिले. इंग्रजी मी शिकलो ते पाळी सुटल्यावर, मांडीवर शब्दकोश उघडा ठेवून, केबलवर लागणारे चित्रपट पाहत. वयात येणाऱ्या मुलामुलींचे चित्रपट त्यांत पुष्कळ असत, आणि त्यांतले निम्मे शब्द माझ्या कोशात सापडत नसत. इंग्रजीत त्या बोलीला स्लँग म्हणतात. मराठीत नेमके नाव नाही. ‘टपोरी बोली’ म्हणावे तर ती चांगल्या घरच्या पोरींच्याही तोंडी असते. आजच्यापुरते मी तिला ‘पोरबोली’ म्हणतो.

उदाहरण एकाच खोऱ्याचे घेऊ.

लॉस एंजेलिस शहराच्या मधोमध सांता मोनिका नावाची डोंगररांग आडवी गेली आहे. तिच्या दक्षिणेस हॉलिवूड, उत्तरेस सॅन फर्नांडो खोरे. १९१३ साली ओवेन्स नदीचे पाणी दूरवरून कालव्याने या खोऱ्यात आणले गेले, आणि १९१५ साली खोऱ्याचा मोठा भाग शहरात सामील झाला. तेव्हा तेथे संत्र्यांच्या आणि अक्रोडांच्या बागा होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर बागा तुटल्या आणि त्या जागी घरांच्या ओळी उठल्या. बरबँकला लॉकहीडचा विमानांचा कारखाना होताच. १९४७ साली व्हॅन नाइज येथे जनरल मोटर्सने मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. म्हणजे हप्त्याने घर आणि हप्त्याने गाडी घेणाऱ्या पगारदारांचे हे खोरे. डोंगराच्या दक्षिणेकडचे लोक त्याला नुसते ‘द व्हॅली’ म्हणत. त्या उच्चारात थोडी तुच्छता असे. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांच्याविषयीची नव्हे, ज्यांच्याकडे तो नुकताच आला होता त्यांच्याविषयीची. हा फरक ध्यानात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडेल.

१९८० साली या खोऱ्यात शेरमन ओक्स गॅलेरिया नावाचा मॉल उघडला. शाळा सुटली की मुलीबाळी तेथे जमत. त्यांच्या तोंडी जी पोरबोली तयार झाली, ती पुढे ‘व्हॅलस्पीक’ या नावाने प्रसिद्धीस आली. किळसवाणी वस्तू म्हणजे ‘ग्रोडी’, आणि किळसेची परिसीमा झाली की ‘ग्रोडी टू द मॅक्स’. फारच शिसारी आली तर ‘गॅग मी विथ अ स्पून’, म्हणजे घशात चमचा घालून मला ओकारी काढा! होकारासाठी ‘फर शुअर’. उत्तम म्हणजे ‘ट्युब्युलर’. आणि दर चार शब्दांमागे एक ‘लाइक’ व एक ‘टोटली’.

यातला ‘ट्युब्युलर’ घ्या. समुद्राची मोठी लाट वळून कोसळते तेव्हा तिच्या पोटात नळीसारखी पोकळी तयार होते. लाटांवर फळी घेऊन खेळणारा त्या नळीतून निघाला तर तो त्या खेळातला परमानंद. म्हणून नळीसारखे ते उत्तम. हा शब्द मालिबूच्या किनाऱ्यावरील फळीवाल्यांचा. ‘नार्ली’ हाही त्यांचाच. मुळात तो खवळलेल्या, धोक्याच्या लाटेसाठी होता. डोंगर ओलांडून हे शब्द खोऱ्यात आले, आणि जन्मात फळीवर पाय न ठेवलेल्या मुली नव्या चपलांना ‘ट्युब्युलर’ म्हणू लागल्या. आमच्याकडेही क्रिकेटची बॅट कधी हातात न धरलेला मनुष्य ‘माझी विकेट गेली’ म्हणतोच की! शब्द ज्या कामातून जन्मला त्या कामापासून सुटला की हलका होतो, आणि हलका झाला की दूरवर उडतो.

मालिबूच्या त्या फळीवाल्यांची कथाही ऐकण्याजोगी आहे. फ्रेडरिक कोहनर हा मूळचा मध्य युरोपातला जर्मनभाषक ज्यू लेखक. नाझी राजवटीमुळे त्याने जर्मनी सोडली आणि हॉलिवूडात पटकथा लिहू लागला. त्याची मुलगी कॅथी पंधराव्या वर्षी मालिबूला जाऊ लागली आणि घरी येऊन बापाला तिथल्या पोरांच्या गमती त्यांच्याच शब्दांत सांगू लागली. परकी भाषा शिकलेल्या त्या बापाने ते शब्द टिपले आणि १९५७ साली ‘गिजेट’ ही कादंबरी लिहिली. ‘गर्ल’ आणि ‘मिजेट’ म्हणजे बुटकी, यांची मोट बांधून पोरांनी तिला ते टोपणनाव दिले होते. १९५९ साली त्यावर चित्रपट निघाला. देशभरातली पोरे फळ्या घेऊन मालिबूला लोटली, आणि जुन्या फळीवाल्यांची तक्रार सुरू झाली ती आमचा किनारा गेला म्हणून. बोली बाहेर पडली आणि तिच्यामागोमाग जागाही गेली.

बरोबर पंचवीस वर्षांनी हेच नाटक पुन्हा झाले. पात्रे तीच, बाप आणि लेक. फ्रँक झॅपा हा विक्षिप्त म्हणून गाजलेला संगीतकार. त्याची चौदा वर्षांची मुलगी मून हिने खोऱ्यातल्या मुलींच्या बोलण्याची नक्कल केली, बापाने ती ध्वनिमुद्रित केली, आणि १९८२ साली ‘व्हॅली गर्ल’ हे गाणे बाजारात आले. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते बत्तिसाव्या क्रमांकापर्यंत चढले. झॅपाचे दुसरे कोणतेही गाणे तेथे इतके वर गेले नाही. त्याच्या मनात चेष्टा होती. पण लोकांनी चेष्टा बाजूस ठेवली आणि बोली उचलली. त्याच वर्षी या मुलींच्या राहणीवर एक विनोदी मार्गदर्शिकाही निघाली. देशाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे बर्फ पडते अशा गावांतल्या पोरी ‘ग्रोडी’ म्हणू लागल्या.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. झॅपाचे घर खोऱ्यात नव्हते. ते डोंगरातल्या लॉरेल कॅनियनमध्ये, हॉलिवूडच्या अंगाला होते. नक्कल करणारी मुलगी गुणी होती, तिचा कान तीक्ष्ण होता, यात शंका नाही. परंतु जगाने खोऱ्यातल्या मुलींचा आवाज म्हणून जो ऐकला तो शेजारच्या, वरच्या आळीतून आलेला होता.

(ते १९८२ साल आम्हांला वेगळ्या कारणाने आठवते. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. एकाच वर्षाच्या पोटात काय काय मावते!)

१९८३ च्या एप्रिलमध्ये मार्था कूलिज यांनी दिग्दर्शित केलेला ‘व्हॅली गर्ल’ हा चित्रपट आला. नावावरून झॅपा कोर्टात गेला. चित्रपट काही थांबला नाही. कथा जुनीच, खोऱ्यातली मुलगी आणि डोंगरापलीकडचा हॉलिवूडचा मुलगा. तो मुलगा म्हणजे तेव्हा नवखा असलेला निकोलस केज. नक्कल करणाऱ्या गाण्यापेक्षा मला हा चित्रपट प्रामाणिक वाटतो, कारण त्यातल्या मुली मूर्ख नाहीत. त्यांना आपापसात काय बोलायचे ते ठाऊक आहे, आणि आईबापांशी निराळे बोलायचे हेही ठाऊक आहे. मात्र चित्रपट पडद्यावर आला तोवर खोऱ्यातल्या खऱ्या मुलींनी ते शब्द टाकायला सुरुवात केली होती.

आता कारण पाहू. आपण सर्वांनी लहानपणी ‘च’ची भाषा बोलली आहे. ती कशासाठी होती? आईला कळू नये म्हणून. एके दिवशी आईनेच ‘च’ लावून उत्तर दिले की खेळ संपला. मग ‘र’ लावावा लागे. पोरबोलीचे तसेच आहे. ती भाषा कमी आणि बिल्ला अधिक. ‘आम्ही आतले, तुम्ही बाहेरचे’ एवढेच त्या बिल्ल्यावर लिहिलेले असते. तो दुकानात विकत मिळू लागला, धाकटी बहीण, मास्तरीण आणि चपलांचा जाहिरातदार, सारेच तो लावू लागले, की आतल्यांना तो काढून टाकणे भाग पडते. चित्रपट हा त्या बिल्ल्याचा सर्वांत मोठा दुकानदार. शिवाय चित्रपट लिहून, काढून, थिएटरात लागेपर्यंत दीड-दोन वर्षे जातात. शब्द पडद्यावर दिसतो तेव्हा बहुधा त्याची अंत्ययात्रा निघालेली असते.

हॉलिवूडच्या लेखकांना हे लवकरच उमजले. १९८९ च्या ‘हेदर्स’ चित्रपटाचा लेखक डॅनियल वॉटर्स याने सरळ स्वतःच पोरबोली रचली; खरी घेतली तर चित्रपट येईतो ती शिळी होईल, असा त्याचा हिशेब होता. १९९५ च्या ‘क्लूलेस’ची दिग्दर्शिका एमी हेकर्लिंग हिने निराळा मार्ग धरला. ती बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत जाऊन मुलांचे बोलणे ऐकत बसली, आणि त्यात स्वतःची भर घातली. त्यात देखण्या मुलाला ‘बॉल्डविन’ म्हणतात, त्या नावाच्या नट भावांवरून. आणि ‘मोने’ म्हणजे काय? फ्रेंच चित्रकार मोने याचे चित्र लांबून सुरेख दिसते, जवळ जावे तर नुसते रंगांचे फराटे, तशी व्यक्ती. थट्टा आहे, पण ती करायला चित्र जवळून पाहिलेले असावे लागते! या चित्रपटाचा सांगाडा जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ कादंबरीचा आहे, हे सांगितले म्हणजे इंग्रजीचे प्राध्यापक माझ्यावर कमी रागावतील. २००४ च्या ‘मीन गर्ल्स’मध्ये तर हीच थट्टेची गोष्ट झाली: एक मुलगी ‘फेच’ हा शब्द चालू करू पाहते, आणि टोळीची म्होरकी तिला बजावते की तो चालणार नाही. शब्दाला परवाना कोण देतो, हे इतक्या थोडक्यात मला कोणत्याही ग्रंथात सापडले नाही.

हेकर्लिंगचेच नाव आले म्हणून तिचा पहिला चित्रपट सांगतो, ‘फास्ट टाइम्स अ‍ॅट रिजमाँट हाय’, १९८२. कॅमेरन क्रो या तरुण पत्रकाराने विद्यार्थी बनून सॅन दिएगोच्या एका शाळेत वर्ष काढले, त्यावर पुस्तक लिहिले, त्यावरून हा चित्रपट. शाळा सॅन दिएगोची, पण मॉल म्हणून दिसते ती आपली शेरमन ओक्स गॅलेरिया. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा चमकलो, कारण त्यातली मुले कामाला जातात! स्टेसी पिझ्झाच्या दुकानात वाढपी आहे. तिचा भाऊ ब्रॅड बर्गरच्या दुकानातून एका गिऱ्हाइकाशी भांडल्यामुळे निघतो, आणि पुढे मासे विकणाऱ्या दुकानात त्याला समुद्री चाच्याचा पोशाख घालून उभे केले जाते. एक मुलगा थिएटरात दारवान आहे. म्हणजे हा चित्रपट वयात येण्याचा आहे तसा पहिल्या पगाराचाही आहे. पण पंचवीस-तीस वर्षांनी लोकांच्या स्मरणात काय राहिले? स्पिकोली नावाच्या फळीवाल्या मुलाची बोली! त्याच्याकडे काम नाही आणि तो वर्गात पिझ्झा मागवतो. स्मरणाचाही असा पक्षपात असतो.

तर शब्द मेले. पण खोऱ्याच्या त्या बोलीतले सगळेच मेले नाही, आणि जे जगले त्याकडे हसणाऱ्यांचे नीट लक्ष गेले नव्हते. ‘लाइक’ घ्या. हा शब्द व्हॅलीच्या मुलींनी काढला असे पुष्कळांस वाटते, तसे नाही. १९५९ साली सुरू झालेल्या ‘डोबी गिलिस’ या दूरदर्शन मालिकेतला दाढीवाला बीटनिक मेनार्ड हाही वाक्यावाक्यात ‘लाइक’ म्हणे. मात्र मुलींच्या बोलण्यात त्याला एक नवे काम मिळाले: दुसऱ्याचे किंवा आपल्याच मनातले बोलणे सांगणे. ‘मी म्हणाले’ असे म्हटले की ते शब्द मी खरोखर उच्चारले अशी ग्वाही द्यावी लागते. ‘आय वॉज लाइक’ म्हटले की ग्वाही नाही. मनात काय आले, चेहरा कसा झाला, तेवढे सांगता येते. आपल्या बायका ‘मला अगदी असं झालं, की आता काय करू बाई!’ म्हणतात, तसेच ते. इंग्रजीला ही सोय अपुरी होती. १९८२ सालीच ‘अमेरिकन स्पीच’ या विद्वत्तापूर्ण त्रैमासिकात या प्रयोगाची पहिली नोंद झाली. आज इंग्रजी बोलणाऱ्या जगात तो सर्वत्र ऐकू येतो, आजीबाईंच्या तोंडीसुद्धा.

वाक्याच्या शेवटी प्रश्न विचारल्यासारखा स्वर चढवण्याची लकबही याच मुलींच्या माथी मारली गेली, जरी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही ती चांगली रुळलेली होती. हिला आत्मविश्वास नाही, ही दर वाक्याला परवानगी मागते, असे शहाण्यांचे निदान. सिंथिया मॅकलेमोर यांनी टेक्सास विद्यापीठातल्या विद्यार्थिनींच्या एका मंडळाच्या सभा ऐकल्या आणि १९९१ साली आपला प्रबंध पुरा केला. त्यांना उलटेच आढळले: स्वर चढवणाऱ्या मुली बावरलेल्या नव्हत्या, त्या मंडळाच्या पुढारी होत्या, महत्त्वाची बातमी सांगताना ऐकणाऱ्यांना धरून ठेवण्यासाठी त्या स्वर चढवीत. मी फाटकसभेत बोलणारा मनुष्य. ‘उद्या आपण काय करणार?’ हे कोणत्या स्वरात म्हणायचे ते मला ठाऊक आहे. पण मी तसे केले तर वक्तृत्व, आणि सतरा वर्षांच्या मुलीने केले तर खुळेपणा. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी अनेक शहरांच्या अभ्यासातून दाखवले की भाषेतल्या बदलात बहुधा तरुण स्त्रियाच आघाडीवर असतात. आघाडीवर चालणाऱ्याला आधी दगड बसतात.

म्हणजे बिल्ल्याचे शब्द गेले, कामाचे शब्द राहिले, असे माझे मत झाले. नियम पक्का नाही. ‘कूल’ हा शब्द निव्वळ बिल्लाच होता, तरी जाझवाल्यांपासून आजतागायत टिकून आहे. का, ते विद्वानांना विचारावे.

आता त्याच खोऱ्याचा दुसरा चित्रपट. खोऱ्याच्या उत्तरेला पकोइमा नावाची वस्ती आहे. मेक्सिकन वंशाचा रिची व्हॅलेन्स हा गायक तिथला. तो ३ फेब्रुवारी १९५९ रोजी विमान कोसळून गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याच्यावर लुइस व्हाल्देझ यांनी १९८७ साली ‘ला बांबा’ काढला. त्याच दिग्दर्शकाचा आधीचा ‘झूट सूट’, १९८१ चा, हाही तरुणांचाच. १९४२ साली लॉस एंजेलिसमध्ये घडलेल्या एका खुनाच्या खटल्यात मेक्सिकन वंशाच्या पोरांना गोवून शिक्षा दिल्या गेल्या, त्या १९४४ साली अपिलात रद्द झाल्या. त्यावर तो आधारलेला आहे. त्यातल्या पोरांची बोली ‘कालो’. मित्र म्हणजे ‘वातो’, जिवाभावाचा तो ‘कार्नाल’, आणि होकार, हाक, शाबासकी या सर्वांना पुरणारा ‘ओराले’. ही बोली १९८२ मध्ये जुनी होती आणि आजही चालू आहे.  शाळेत स्पॅनिश बोलले म्हणून या मुलांना शिक्षा होई आणि कालो बोलणारा पोलिसांच्या लेखी गुंड असे. जी बोली मिरवण्याची असते ती मिरवून झाली की संपते. जिच्या आडोशाने राहावे लागते ती बापाकडून पोराकडे जाते.

आणि व्हॅन नाइजचा तो मोटारींचा कारखाना? तिथल्या कामगारांत या मेक्सिकन वंशाच्या लोकांचा भरणा मोठा होता. १९८२ साली कॅलिफोर्नियातले जनरल मोटर्सचे साउथ गेट आणि फ्रीमाँट येथले कारखाने बंद पडले, तेव्हा व्हॅन नाइजच्या युनियनने, म्हणजे युनायटेड ऑटो वर्कर्सच्या ६४५ क्रमांकाच्या शाखेने, आधीच कंबर कसली. वस्तीतली चर्चे, चिकानो व काळ्या लोकांच्या संघटना, विद्यार्थी या सर्वांना बरोबर घेऊन त्यांनी कंपनीला बजावले: कारखाना बंद कराल तर लॉस एंजेलिसात तुमच्या गाड्यांवर बहिष्कार घालू. ज्या महिन्यांत सारी अमेरिका खोऱ्यातल्या मुलींची नक्कल करीत होती, त्याच महिन्यांत त्याच खोऱ्यात हे चालले होते. त्या मुलींपैकी काहींचे बाप त्या फाटकातून आत जात असतील. कारखाना आणखी दहा वर्षे टिकला; १९९२ च्या ऑगस्टमध्ये तो बंद झाला. तिथली तरुण पोरे साखळीवर शेजारी शेजारी उभी राहून फोरमनला काय म्हणत, रात्रपाळीला काय नाव ठेवीत, हे पडद्यावर आले नाही. कारखान्यांची पोरबोली नेहमी सर्वांत मिश्कील असते, हे मी अनुभवाने सांगतो. इथल्या उदाहरणांनी हे सभागृह लाजेल म्हणून देत नाही.

१९९९ साली गॅलेरियाही बंद झाली, आणि पुढे तिची मोडतोड करून त्या जागी कचेऱ्या व उघड्यावरची दुकाने आली. इकडे मोटारींच्या कारखान्याच्या जागेवर मात्र नवी दुकाने उठली, थिएटर आले. या नव्या बाजाराला मालकांनी नाव दिले ‘द प्लांट’. मोटारकामगार आपल्या कारखान्याला ‘प्लांट’च म्हणतात.